तेलातलं तांबं

चौऱ्याहत्तर साली पावसाळा सरला, इंझोरीच्या तलावाचं मातीकाम पुन्हा सुरू झालं, आणि शेषराव मिस्त्रीच्या पिशवीत पान्यांसोबत काचेच्या लहान बाटल्या आल्या. खोकल्याच्या औषधाच्या असतात तेवढ्याच, घट्ट बुचाच्या. आधल्या वर्षी अरबांनी तेल अडवलं होतं आणि त्याची झळ इंझोरीच्या माळावरच्या एका डोझरपर्यंत येऊन पोचली होती. इंजिनात घालायच्या ऑइलचे डबे मागूनही मिळेनात. मग वरून हुकूम निघाला, की ठराविक तास मशीन चालली की ऑइल ओतून द्यायचं आणि नवं भरायचं ही जुनी रीत बंद. यापुढं गरम इंजिनातून ऑइलचा नमुना काढायचा आणि बाटलीत भरून मुंबईला, तेल कंपनीच्या प्रयोगशाळेत धाडायचा. ऑइल अजून चालेल की बदलायला हवं ते तिथले लोक सांगतील. त्या ऑइलात कोणत्या धातूचा किती कीस उतरलाय तेही सांगतील, म्हणजे इंजिन न खोलताच आत काय झिजतंय ते कळेल.

"म्हंजे डाक्टर लघवी पाह्यते तसं," डोझर चालवणारा प्रेमसिंग म्हणाला.

"तसंच समज, दादा."

"माही मशीन बिमार नाही."

"नसो ना. बिमार व्हायच्या आंधीच समजलं पाह्यजे, त्याच्यासाठीच तं हाय हे."

प्रेमसिंगनं बोटावर ऑइलचा थेंब घेतला, अंगठ्यानं चोळला, नाकाशी नेला. पन्नाशीला टेकलेला, बंजारा तांड्यावरचा उंचापुरा माणूस. मिशा पांढऱ्या, पण त्यांची टोकं सदा ऑइलनं काळी. "काळं पडलं," तो म्हणाला. "बदलून टाक."

"काळं म्हंजे खराब नाही. ते काजळी हाय." शेषरावनं टिपकागदावर एक थेंब सोडून दाखवला. थेंब पसरला. मधे काळा गोळा, भोवती फिकट कडं. "कडं असं पसरते तवर ऑइल जिंदं हाय. पन आत लोखंड किती, तांबं किती, हे कागद सांगत नाही. ते मुंबईवाले सांगतीन. लोखंड जास्त आलं तं सिलिंडर झिजून राह्यला. तांबं नं शिसं आलं तं बेरिंग."

"बेरिंग गेली तं आवाज येते ना बाप्पा. त्याले मुंबई कायले पाह्यजे?"

यावर शेषराव नुसता हसला. प्रेमसिंगच्या कानापुढं मुंबई ती काय! त्या कानाची ख्याती अकोल्यापर्यंत होती. एकदा भर उतारावर त्यानं मशीन थांबवली होती आणि पाण्याच्या पंपात खरखर आहे म्हणून सांगितलं होतं. कोणाला काही ऐकू येत नव्हतं. पंप खोलला तर खरोखरच गेलेला. तेव्हापासून ऑइल प्रेशरचं मीटर बंद पडलं तरी कोणी बदलायची घाई केली नाही. काटा मेला तर मेला, प्रेमसिंग आहे ना, असंच सगळे म्हणायचे.

शेषराव कामरगावचा. बौद्धाच्या घरचा, आयटीआय करून निघालेला, घराण्यातला पहिला पगारी माणूस. नोकरीच्या पहिल्याच दिवशी कॅम्पवरच्या स्टोअरकीपरनं त्याच्यासाठी गिलास निराळा काढून खिडकीत उपडा घातला. तोंडानं काही बोलला नाही, पण गिलास बोलला. जेवणाच्या सुट्टीत शेषराव डोझरच्या साखळीपाशी एकटाच बसला होता. तेवढ्यात डोक्यावर भाकरीचं गाठोडं घेऊन एक बाई आली. हातात कोपरापर्यंत बांगड्या, अंगावर आरशांची चोळी, कांचळी. प्रेमसिंगची बायको, गोमतीबाई.

"कोनाचा व्हय रे तू? जेवला का?"

शेषरावनं आपलं गाव सांगितलं, आडनाव सांगितलं. आडनावावरूनच तिनं ओळखावं आणि आपली पायरी आपण धरावी, असं त्याला वाटलं. ते तिला समजलं की नाही कोण जाणे. तिनं जर्मनचं ताट मांडलं, त्यात दोन्हीकडून भाकरी ठेवल्या, मधे ठेचा आणि तेल घातलं, आणि म्हणाली, "बसा दोघं." प्रेमसिंग बसला. शेषरावही बसला. घराबाहेर दुसऱ्या जातीच्या माणसासोबत एका ताटात तो त्या दिवशी पहिल्यांदा जेवला. पुढं तो तिला वैनी म्हणू लागला आणि प्रेमसिंगला दादा. डोझरची सगळी विद्या त्याला दादानं शिकवली. आयटीआयमध्ये इंजिन टेबलावर पाहिलं होतं. ते चिखलात, धुळीत, उतारावर कसं वागतं ते दादानं दाखवलं.

गोमतीबाई रोज तांड्यावरून चालत यायची आणि भाकरी देऊन लगेच परत फिरायची नाही. तलावाच्या पाळीच्या, म्हणजे बांधाच्या, कडेला, मशीनच्या समोर, नवऱ्याला दिसेल अशा जागी गोधडी शिवत बसून राहायची. कामावरच्या बाया थट्टा करायच्या, की गोमतीबाई नवऱ्याला नाही, सवतीला राखायला येते. ती हसायची, आणि सवतीकडंच पाहत राहायची.

बाटल्या यायच्या थोडं आधी, त्या श्रावणात, ती काविळीनं गेली. आठवड्याभरात ती हातची गेली. पावसाळ्यानंतर काम सुरू झालं तेव्हा प्रेमसिंग परत आला आणि मशीनवर चढला. शेषराव जवळ जाऊन काही बोलणार होता, पण दादानं मशीन चालू केली.

इंझोरीच्या जोडीला शेषरावकडं आणखी दोन ठिकाणची मशिनं होती. आज मंगरूळपीरच्या बाजूला, उद्या भलतीकडं, मिळेल त्या एस्टीनं. इंझोरीला तो यायचा तो बहुतेक जेवणाच्या सुट्टीत. मशीन नुकतीच बंद झालेली असायची, ऑइल गरम असायचं, आणि नमुना काढायला तीच वेळ बरी. ऑइल निवलं की कीस तळाला बसतो. तो नळी घालून ऑइल ओढायचा, बाटलीवर चिठ्ठी चिकटवायचा, दादाशी दोन शब्द बोलायचा आणि पुढची गाडी धरायचा.

पहिले निकाल छान आले. ऑइल अजून जिवंत, धातू नावापुरते. पूर्वी जे ऑइल मातीत ओतून दिलं असतं ते दुप्पट दिवस चाललं. अकोल्याचे साहेब खूश झाले. शेषरावचं नाव त्यांना पहिल्यांदाच पाठ झालं. घरी बायकोला, भागिरथाला, त्यानं हे सांगितलं, तर ती म्हणाली, "तेल वाचवलं म्हनून एवढं? मी तं रोजच वाचवतो." दोघंही पोटभर हसले.

पौषात जो निकाल आला तो मात्र निराळा होता. तांबं वाढलं होतं, शिसं त्याहून वाढलं होतं. बेरिंगा ताबडतोब तपासाव्यात, असं खाली लिहिलं होतं.

शेषरावचा विश्वास बसला नाही. बाटली नीट धुतली गेली नसावी, असं त्याला वाटलं. बेरिंग एवढी झिजली असती तर ती ठोके देऊ लागली असती, आणि ठोका पडला आणि दादाला कळलं नाही, असं होणारच नाही. तरी मनाची खात्री असावी म्हणून दुसरी कोरी बाटली घेऊन तो सकाळच्याच गाडीनं इंझोरीला आला.

पाळीवर काम चालू व्हायचं होतं. बाया टोपली घेऊन दगडांच्या ढिगाकडं निघाल्या होत्या. प्रेमसिंग मशीनवर फडकं मारत होता.

"दादा, चालू कर बरं जराशीक."

मशीन चालू झाली. शेषराव इंजिनाशेजारी उभा राहिला. आधी नेहमीची घरघर. मग इंजिन तापत आलं तसा त्या घरघरीच्या खालून, पार पोटातून, एक ठोका वर आला. ठक. ठक. ठक. उखळात कोणी मुसळ घालावं तसा. त्यानं हातानं खूण केली, वेग वाढव. वेग वाढला तसा ठोकाही वाढला, आता तो पायाखालच्या मातीत जाणवत होता. असा ठोका एका दिवसात येत नाही. महिनाभर तरी हे इंजिन ओरडून सांगत असलं पाहिजे.

शेषरावनं मान वर केली. प्रेमसिंग खाली उतरून त्याच्या शेजारी येऊन उभा राहिला होता. बैलाच्या वशिंडावर ठेवावा तसा इंजिनाच्या पत्र्यावर त्यानं हात ठेवला होता. तोंडावर समाधान होतं.

"पाह्य," तो म्हणाला, "कशी झकास चालून राह्यली!"

शेषरावनं हात लांब करून मशीन बंद केली. सगळीकडं एकदम शांतता झाली. मग तो प्रेमसिंगच्या पाठीमागं गेला, चार पावलं लांब उभा राहिला आणि बेंबीच्या देठापासून ओरडला, "दादा!"

दगडांच्या ढिगापाशी बायांनी वळून पाहिलं. झाडावरच्या साळुंक्या उडाल्या. प्रेमसिंग पत्र्यावरची धूळ पुसत राहिला.

*

पळसाच्या झाडाखाली दोघं बसले. शेषराव त्याच्या समोर बसला, तोंडासमोर तोंड येईल असा. आपण बोलताना दादा आपल्या डोळ्यांकडं नाही, ओठांकडं पाहतो, हे त्याला आज पहिल्यांदा दिसलं. इतकी वर्षं ते प्रेम वाटत आलं होतं.

"कवापासून?" त्यानं आपल्या कानाला हात लावून विचारलं.

प्रेमसिंगनं खोटं बोलायचा प्रयत्न केला नाही. जमिनीवरचं एक पान उचलून तो ते मुडपत बसला.

"लय वर्सं झाले," तो म्हणाला. "आंधी बारीक बारीक आवाज गेले. पाखरं गेले. मंग पोरीचा आवाज गेला. हे मशीन डोक्यापाशी बोंबलते ना दिसभर, तिनंच खाल्ले कान. माह्या गोमतीले समजलं होतं. ते म्हने, कोनाले सांगू नको, मी हावो ना."

आणि मग सगळं बाहेर आलं. गोमतीबाई पाळीवर बसायची ती ऐकायला बसायची. मशीन बरी चालली असली की गोधडीवर हात सपाट ठेवायची. काही वाजू लागलं की मूठ हलवायची, आणि जिथून वाजतंय तिकडं बोट करायची. पाण्याचा पंप तिनंच ओळखला होता. मशीन मागं येताना कोणी आडवं आलं, तर ती उठून उभी राहायची. ती उभी राहिली की प्रेमसिंगचा पाय आपोआप ब्रेकवर जायचा. ज्या कानाची ख्याती अकोल्यापर्यंत गेली होती, तो गोमतीबाईचा होता.

"ते गेल्यावर हाताले समजत होतं थोडंबहुत," प्रेमसिंग म्हणाला. "पत्र्यावर हात ठेवला का समजे. हे नाही समजलं."

"दादा, मांगं बाया असतेत. टोपले घेऊन जातेत येतेत. एखांदी आली मशीनखाली तं?"

ते त्याच्या ओठांवरून प्रेमसिंगला नीट कळलं. त्यानं शेषरावचे दोन्ही हात धरले.

"साहेबाले सांगू नको, शेषराव. उतरवून देतीन मले. घरी बसून मी काय करू? घरात तिची जागा दिसते. अथी मशीनवर बसलो का वाटते, येईनच आता भाकर घेऊन. तलाव होऊ दे. एवढी पाळ बांधून होऊ दे, मंग मीच उतरतो."

शेषरावनं मान खाली घातली. न्याय काय ते त्याला कळत होतं. पण त्याचे हात ज्यांनी धरले होते ते हात कोणाचे होते, तेही कळत होतं. मग दादाला दिसेल अशी मान वर केली आणि म्हणाला, "बरं."

*

इंजिन खोललं. बेरिंगांवरचा पांढरा थर पार गेला होता आणि खालचं तांबं लालभडक उघडं पडलं होतं. आणखी आठ दिवस मशीन चालली असती तर मुख्य दांडाच गेला असता, आणि मग त्या सालात तलाव झालाच नसता. साहेब स्वतः जीपनं आले. हातात बेरिंग घेऊन उलटसुलट करून त्यांनी पाहिली. "बाटलीनं वाचवलं बघा," ते म्हणाले. मग थांबून विचारलं, "पण ऑपरेटरला आवाज कसा नाही आला?"

"पाळीवर वारा लय असते, साहेब," शेषराव म्हणाला. "आन लोडवर असली मशीन का ठोका दबते."

साहेबांनी मान डोलावली. प्रेमसिंग लांब उभा होता, काय चाललंय ते त्याला कळत नव्हतं. शेषराव त्याच्याकडं पाहू शकला नाही.

आपल्या परीनं त्यानं बंदोबस्त केला. मशीनच्या मागून कोणी जायचं नाही असं बायांना बजावलं. हेल्परची जागा रिकामी होती. ती भरा म्हणून सांगून पाहिलं, कोणी मनावर घेतलं नाही. मग दगड वाहणाऱ्या बायांत जी सगळ्यांत पोक्त होती, त्या भुरीबाईच्या हाती त्यानं लाल फडकं बांधलेली काठी दिली.

"मशीन मांगं येऊन राह्यली आन कोनी आडवं आलं, का समोर जाऊन हे हालवजो, मावशी."

"काहून रे बापा? आवाज देला तं थांबत नाही का तो?"

शेषराव क्षणभर अडखळला. "नवा नियम हाय," तो म्हणाला.

भुरीबाईनं काठी घेतली. पण टोपलं डोक्यावर आणि काठी हातात, हे किती दिवस जमणार? चार दिवस तिनं ती वागवली, मग ढिगात खोचून ठेवली. आवाज दिल्यावर न थांबणारा माणूस असतो, हे तिला कोणी सांगितलंच नव्हतं.

शेषराव आता इंझोरीला जास्त वेळा येऊ लागला. बाकीच्या दोन ठिकाणांचं काम कसंबसं उरकून यायचा. नव्या बेरिंगा बसल्यापासून ऑइल स्वच्छ येत होतं. प्रत्येक वेळी बाटली भरताना त्याच्या मनात यायचं, मुंबईच्या त्या माणसांना तांब्याचा कण सापडतो, पण या मशीनवर बसलेल्याचं काय झिजलंय ते त्यांना कसं सापडणार? ते फक्त मलाच माहीत आहे. मग तो बुच घट्ट लावायचा.

होळी जवळ आली होती. पळस फुलले होते. त्या सकाळी शेषराव पाळीच्या खालच्या अंगाला इंजिनाची हवा गाळायची एक जादा जाळी धूत बसला होता. वर मशीन माती ढकलत होती. भुरीबाईच्या डोक्यावरचं टोपलं कलंडलं आणि दगड घरंगळत मशीनच्या मागं गेले. ती वाकून ते गोळा करू लागली. तेवढ्यात मशीन मागं फिरली.

तिनं पाहिलं. पळायला वाव होता. पण तिनं पळण्याऐवजी हात वर केला आणि हाक मारली, "थांब रे बापू! थांब, दगड उचलू दे!" साधा माणूस दुसऱ्या माणसाला जसं सांगतो तसं सांगितलं, आणि तो थांबेल या भरवशावर पुन्हा वाकली.

बायांची किंकाळी शेषरावनं खालून ऐकली. हातातली जाळी टाकून तो पाळ चढू लागला. त्या किंकाळ्या पार गावापर्यंत गेल्या असतील. मशीन येतच राहिली. शेवटी एका बाईनं ढेकूळ उचलून प्रेमसिंगच्या पाठीत मारलं, तेव्हा त्यानं वळून पाहिलं. भुरीबाई एका अंगानं बाजूला पडली होती. तिचा डावा पाय साखळीखाली होता.

प्रेमसिंगनं उडी मारली. मशीन पुढं कोणी घेतली, पाय कोणी काढला, शेषरावला नंतर आठवेना. आठवत राहिलं ते एवढंच, की दादानं तिला लेकराला उचलावं तसं दोन्ही हातांवर उचललं आणि तो ट्रॅक्टरकडं धावत सुटला. तोंडानं तो काहीतरी मोठमोठ्यानं म्हणत होता, आपल्या तांड्याच्या बोलीत. स्वतःचं बोलणंही त्याला ऐकू येत नव्हतं. मंगरूळपीरहून तिला अकोल्याला नेलं. पाय घोट्यापासून काढावा लागला.

*

दुसऱ्या दिवशी साहेब आले. टिनाच्या शेडमध्ये खुर्च्या मांडल्या. कामावरच्या मुकादमाचं म्हणणं सरळ होतं: मशीनमागं जायची मनाई होती, बाईला लाल फडकंही दिलं होतं, तिनं ते वापरलं नाही, चूक तिची. शेडच्या दारात भुरीबाईचा पोरगा हात बांधून उभा होता. चूक तिची ठरली तर सरकारातून तिला काही मिळणार नव्हतं.

प्रेमसिंग भिंतीला टेकून बोलणाऱ्यांच्या तोंडांकडं पाहत होता. इकडून तिकडं, तिकडून इकडं. किती कळलं असेल कोणास ठाऊक. पण पोराचं उतरलेलं तोंड त्याला कळलं. तो पुढं आला.

"बाईची चूक नाही, साहेब," तो फार मोठ्यानं म्हणाला. "तिनं आवाज देला असंन. मले आयकू येत नाही. मी बहिरा हावो."

"कधीपासून?" साहेबांनी विचारलं.

"लय दिसापासून. मीच लपवलं. कोनाले मालूम नव्हतं." एवढं बोलून त्यानं तोंड फिरवलं आणि दारातून बाहेर उभ्या असलेल्या मशीनकडं पाहू लागला. आता कोणी काही विचारलं तरी त्याला दिसणार नव्हतं.

साहेब शेषरावकडं वळले. "मिस्त्री, तुम्हाला ठाऊक होतं?"

दादानं त्याला वाट करून दिली होती. 'नाही' एवढा एकच शब्द बोलायचा होता. शेषरावला घर दिसलं, भागिरथा दिसली, खिडकीतला उपडा गिलास दिसला. आणि पाळीवर हात वर करून उभी असलेली म्हातारी दिसली, जी त्या क्षणी त्यानं पाहिलीसुद्धा नव्हती.

"होतं, साहेब," तो म्हणाला. "बेरिंग गेली तवाच समजलं होतं."

साहेबांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. नमुन्यांचं काम आता जिल्ह्याबाहेरही नावाजलं जात होतं, आणि ते या एकाच माणसाच्या हातावर चाललं होतं. त्यांनी मुकादमाकडं पाहिलं. मुकादम छताकडं पाहू लागला.

"मिस्त्री," साहेब हळू आवाजात म्हणाले, "तुम्ही आता बोललात ते मी ऐकलं नाही." आणि उठताना म्हणाले, "बाटल्या वेळेवर जाऊ द्या."

सगळं प्रेमसिंगच्या नावावर गेलं. भुरीबाईला सरकारातून मिळायचं ते मिळालं. प्रेमसिंगला कामावरून काढलं. तांड्याकडं जाताना तो पाळीवरून गेला नाही, खालून, नाल्यानाल्यानं गेला. शेषराव मागून धावला. पण हाक मारून उपयोग नव्हता, आणि पुढं जाऊन त्याच्या समोर उभं राहण्याचं धैर्य त्याला झालं नाही.

*

मिरगाच्या आधी पाळ पुरी झाली. नवा ऑपरेटर आला होता, पोरसवदा, चांगल्या कानाचा. शेषराव एके दिवशी सुट्टी टाकून आधी इंझोरीत भुरीबाईच्या घरी गेला.

ती ओसरीवर बाजेवर बसली होती, बाजूला कुबडी. त्याला पाहून तिनं लुगड्याचा घोळ पायावर ओढून घेतला.

"पोरगा म्हनते, तुले मालूम होतं," ती म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं.

"होतं, मावशी."

"मंग मले एवढंच सांगाचं ना बापा, का त्याले आयकू येत नाही. मी आवाज देत उभी काहून राह्यली असती? पयाली नसती का?"

सुनेनं पाणी आणून ठेवलं. म्हातारीनं ते परत नेऊ दिलं नाही, पण 'घे' असंही म्हणाली नाही. थोडा वेळ बसून तो तसाच उठला.

तांड्यावर पोचला तेव्हा उन्हं कलली होती. प्रेमसिंग अंगणात दोर वळत बसला होता. अंगानं निम्मा झाला होता, आणि मिशांची टोकं आता पांढरीशुभ्र होती. शेषरावला पाहून तो उठला, त्याचा हात धरून त्याला खाटेवर बसवलं आणि आत वळून पोरीला मोठ्यानं सांगितलं, "रामी, चहा मांड. शेषराव आला!"

"मशीन बरी हाय ना?" त्यानं विचारलं. शेषरावनं मान डोलावली. ऑइल स्वच्छ येतंय, पाळ झाली, तेही सांगितलं. प्रेमसिंग त्याच्या ओठांकडं पाहत ऐकत होता. पण उन्हं शेषरावच्या पाठीमागं होती आणि त्याचं तोंड सावलीत होतं. हळूहळू प्रेमसिंगची मान भलत्याच जागी डोलू लागली.

ते शेषरावच्या ध्यानात आलं. जागा बदलावी, उजेडाकडं तोंड करावं, असं त्याच्या मनात आलंही. पण तो हलला नाही. तसाच सावलीत तोंड ठेवून बोलत राहिला.

"मी त्या दिसी बरं म्हनलो, दादा, ते तुह्यासाठी म्हनलो असं मले वाटे. तसं नव्हतं. तुले नाही म्हनाची माही छाती नव्हती. मशीनमंधल्या तांब्याचं मी साऱ्याइले सांगतलं. तुह्यं एकाले बी नाही सांगतलं. त्या मावशीचा पाय माह्या हातून गेला. आन शेडमंधी तू तोंड फिरवलं. कायले फिरवलं, दादा? मी खरं बोललो, ते तुले दिसलं बी नाही. कोनीच नाही आयकलं."

आत चुलीपाशी रामी थबकली होती. तिला सगळं ऐकू आलं होतं.

प्रेमसिंगनं त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला. इतकं बोलला म्हणजे तलावाचंच बोलला असेल, असं त्याला वाटलं असावं.

"हो," तो समजुतीच्या सुरात म्हणाला, "भरन. औंदा पानी लागलं का पहिल्याच साली भरन. पाळ लय पक्की बांधली आपन."

रामीनं चहा आणून ठेवला. शेषरावनं तो प्यायला. दादा मग पाळीबद्दल, मातीबद्दल, कुठल्या थराला किती पाणी मारलं होतं त्याबद्दल बोलत राहिला, मोठमोठ्यानं, आणि शेषराव हं हं करत राहिला. माळावरून बकऱ्या परत आल्या. प्रेमसिंग त्या बांधायला उठला, तेव्हा शेषराव पायात चपला घालून एस्टीच्या फाट्याकडं चालू लागला.